पावसात झाडांना पाणी घालणाऱ्या बाई

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावातल्या मराठी मंडळींनी सुलक्षणा रत्नपारखी यांना पाठीमागे एक नाव ठेवलं होतं, 'आमच्या मस्कतला'. म्हणजे फोनवर कुणी विचारावं, "गणपतीला कोण कोण येतंय गं?" तर उत्तर यावं, "आम्ही, वरच्या रांगेतले तिघं, झालंच तर आमच्या मस्कतला आणि त्यांची सून." हे नाव कुणी ठेवलं याचा पत्ता अजून लागलेला नाही. शेजारची स्वप्नाली साळवी मात्र न विचारताच सांगते की मी ठेवलेलं नाही. त्यावरून काय ते समजावं.

ठेवलं तरी तिची काय चूक? बाईंचं दर तिसरं वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. सरबत पुढं केलं की, "आमच्या मस्कतला लिंबं काय रसाळ असायची!" पाऊस आला की, "आमच्या मस्कतला वर्षातून चार दिवस पाऊस, पण आला की आला म्हणून कळायचं." ड्रोहेडात वर्षातून चार दिवस ऊन पडतं, त्याही दिवशी बाई पदराने वारा घेत म्हणायच्या, "ह्याला ऊन म्हणतात?"

पण मिरवावं असं काम बाईंनी तिथं केलं होतं, हे कबूल करायला हवं. तासगावची मुलगी, बाविसाव्या वर्षी लग्न होऊन मस्कतला गेली. यजमान प्रकाशराव एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. रुवी भागात तिसऱ्या मजल्यावर घर, आणि इमारतीच्या मागं एक ओसाड तुकडा. त्यात दारं नसलेले दोन फ्रीज, एका टॅक्सीचा सांगाडा आणि साऱ्या मोहल्ल्याची मांजरं. दुसऱ्या मजल्यावर उम्म हानी नावाची इजिप्शियन शिक्षिका राहायची. तिच्या मनात आलं की इथं सावली हवी. सावलीला झाड हवं, झाडाला पाणी हवं, आणि पाणी तर तिथं टँकरने यायचं. मग दोघींच्या लक्षात आलं की प्रत्येक खिडकीत एसी आहे, आणि प्रत्येक एसीच्या नळीतून दिवसभर टिपटिप पाणी गळतंय. चार इमारतींतल्या बायकांनी, इजिप्शियन, मल्याळी, बलुची आणि एक तासगावची, नळ्यांखाली तेलाचे रिकामे कॅन लावले, कॅनवर आपापली नावं घातली, आणि रोज संध्याकाळी जिने उतरून ते पाणी झाडांना घातलं. सात वर्षांत अकरा कडुनिंब उभे राहिले. एक शेवगाही. रमजानच्या संध्याकाळी तिथं चटया पडत, आणि एका चटईवर बाईंच्या साबुदाण्याच्या वड्यांचं ताट असे.

त्या कामात बाईंचा खास हातखंडा म्हणजे आळं. झाडाच्या बुडाशी हातभर रुंद, वीतभर खोल, कड अशी गोल आणि घट्ट की कुंभारानं बघत राहावं. पाण्याचा एक थेंब बाहेर जाता कामा नये. सव्वीस वर्षं बाईंनी आळी केली.

चार वर्षांपूर्वी प्रकाशराव गेले. मग मुलगा गंधार आईला आयर्लंडला घेऊन आला. गंधार सॉफ्टवेअरमध्ये, सिटीवेस्टला गाडीनं जातो. सून पूर्वा मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करते, तीही गाडीनं जाते. नात मुक्ता नऊ वर्षांची, मराठी सगळं समजतं पण तोंडातून निघतं ते ड्रोहेडाचं इंग्रजी. बाईंचं इंग्रजी दुकानातून दूध आणण्यापुरतं. अरबीत मात्र त्या भांडू शकत. त्यामुळे झालं असं की ड्रोहेडात त्यांना पहिली मैत्रीण मिळाली ती बसस्टॉपवर. शेजारी उभी असलेली जाडजूड सुदानी बाई फोनवर कुणालातरी अरबीत झापत होती. तिनं फोन ठेवल्यावर बाई अरबीतच म्हणाल्या, "बरोबर बोललीस. अशांना असंच पाहिजे." ती उम्म यासिर. तिचा मुलगा यासिर इथल्या इस्पितळात डॉक्टर. अरबांत आईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून त्या दिवसापासून आपल्या बाई उम्म गंधार झाल्या. गंधारला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

तर ही सगळी माणसं राहतात हॉर्सशू क्लोज नावाच्या वसाहतीत. चौतीस घरं, घोड्याच्या नालेसारखा रस्ता, उतारावर वरची रांग आणि खालची रांग, आणि दोहोंच्या मधे एक जमिनीचा तुकडा. बिल्डर जाताना उरलेल्या विटा आणि काँक्रीटचे तुकडे तिथंच पुरून, वर चार बोटं माती पसरून गेला होता. त्यावर काटेरी वेली माजल्या. मग कुणीतरी पहिली गादी टाकली, आणि पहिली गादी पडली की जागेचं नशीब ठरतं. दुसरी गादी आपली वाट शोधत येते.

वसाहतीच्या कमिटीचा अध्यक्ष डेक्लन, निवृत्त बसचालक. त्याच्याकडे एक कॅम्पर व्हॅन आहे. ती वर्षातून एकदा, जुलैत, केरीला जाऊन येते आणि उरलेले एकावन्न आठवडे नोरा म्हातारीच्या फाटकासमोर उभी असते. मार्चच्या सभेत डेक्लननं प्रस्ताव मांडला की त्या उकिरड्यावर डांबर घालू आणि अकरा गाड्यांची सोय करू. माना डोलल्या. सर्वांत जोरात डोलली गंधारची, कारण घरात गाड्या दोन आणि जागा एक.

बाई सभेला आल्या होत्या त्या केवळ घरी बसून काय करू म्हणून. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इन अवर मस्कत..."

पुढची दहा मिनिटं सभेनं एसीचं पाणी, उम्म हानी आणि अकरा कडुनिंब ऐकून घेतले. शेवटी बाई म्हणाल्या, जागा मला द्या, मी बाग करून दाखवते. आयरिश माणूस म्हाताऱ्या बाईला तोंडावर नाही म्हणत नाही, तिथला तसा रिवाज आहे. ठरलं असं की सप्टेंबरच्या सभेपर्यंत जागा बाईंची. तोवर बाग दिसली तर राहील, नाहीतर डांबर. डेक्लननं हसत हसत हात मिळवला. डांबरवाल्याचा फोन नंबर त्यानं खोडला नाही.

घरी जाताना गंधार म्हणाला, "आई, तू काय बोलून आलीस कळतंय का तुला?"

"न कळायला काय झालं? सहा महिने दिलेत."

"मस्कतला सात वर्षं लागली होती. मला माहितीये, कॅन मी वाहिलेत."

"दोन जिने तर होते."

"तीन!"

"एवढ्यात काय झालं तुला? चांगला धडधाकट आहेस."

"पाच फूट पाच आहे मी, आई," गंधार म्हणाला. आपली उंची त्या कॅनांनीच खुंटवली असं त्याचं पक्कं मत आहे, आणि ते त्यानं पूर्वाला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं.

एप्रिलच्या दोन रविवारांत जागा साफ झाली. मराठी मंडळी पोह्यांचे डबे घेऊन आली, केरळच्या नर्सबाई आल्या, दोन पोलिश भाऊ गाद्या न्यायला ट्रक घेऊन आले. उम्म यासिर तेवढी नव्हती. ती मुलीच्या बाळंतपणाला मँचेस्टरला गेली होती, आणि हे नीट लक्षात ठेवा. एका रोपवाटिकेनं हंगाम संपताना उरलेली एकतीस रोपं देऊन टाकली, बर्च, रोवन आणि सफरचंदं. बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि एकतीस आळी करवून घेतली. कड जराशी फेंगडी झाली की मोडून पुन्हा.

"काकू, इथं एवढी खोल लागतात का?" स्वप्नालीनं विचारलं.

"आमच्या मस्कतला..."

"बरं बरं, खणते."

मग बाईंचा दिनक्रम सुरू झाला. गंधारच्या छपरावरून उतरणाऱ्या पन्हळीखाली पिंप, पिंपातून कॅन, सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी. आता तुम्ही म्हणाल, आयर्लंडमध्ये? पाणी? हेच सगळे म्हणत होते. पण बाईंची त्यामागं एक विचारसरणी होती.

"काकू, पाऊस पडतोय की!" स्वप्नाली खिडकीतून ओरडली.

"हा पाऊस? हे कुणीतरी शिंकल्यासारखं आहे. वरची माती ओली होते, मुळाच्या तोंडी काय लागतं?"

एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कॅन, अंगात मुक्ताचा जुना पिवळा रेनकोट बाह्यांपाशी उसवून घातलेला, अशा बाई भर पावसात एकतीस झाडांना मोजून पाणी घालत. बसमधली माणसं वळून बघू लागली. मुक्ता शाळेतून येताना रस्ता ओलांडून पलीकडून चालायला लागली. "आज्जी, आय'म मॉर्टिफाइड," ती म्हणाली, म्हणजे लाजेनं मेल्यासारखं झालं. बाईंना त्याचा अर्थ कळला नाही, पण सूर कळला, आणि त्यांनी तिला बेसनाचा लाडू दिला.

कुंपणाला टेकून हे सगळं रोज पाहणारी एकच बाई होती, नोरा. वय ऐंशी, मूळची मेयोची, तिथल्या ओल्या डोंगराळ मुलखातली. बाईंनी विचारावं, "झाडं ठीक?" आणि नोरानं म्हणावं, "ग्रँड, लव्ह, अगदी ग्रँड." आयर्लंडमध्ये हा शब्द नवऱ्या मुलाला लागतो, अतिदक्षता विभागातल्या रुग्णालाही लागतो. बाईंना तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये पानं पिवळी पडली. मस्कतला पान पिवळं पडलं की झाड तहानलेलं असतं. बाईंनी दुपारची तिसरी फेरी सुरू केली.

जूनच्या मध्यावर उम्म यासिर परतली. संध्याकाळी ती जागेवर आली तेव्हा रिमझिम चालू होती आणि बाई सतराव्या झाडाशी होत्या. उम्म यासिरनं एकवार सगळीकडं पाहिलं. एकतीस आळी काठोकाठ भरलेली, प्रत्येकात आभाळ दिसत होतं.

"या उम्म गंधार," ती म्हणाली (अरबीतलं 'या' म्हणजे आपलं 'अगं'), "ह्या झाडांशी तुझं काय वैर आहे?"

"म्हणजे?"

"वल्लाह, नाईल नदीच्या काठावर जन्मले मी. बुडालेलं माणूस मला लांबून कळतं, झाडही कळतं." तिनं वाकून एका सफरचंदाला दोन बोटांनी धरलं आणि ओढलं. दह्यातून चमचा निघावा तसं झाड वर आलं. मूळ काळं, चिकट, आणि वास तुंबलेल्या गटाराचा.

बाई मटकन एका काँक्रीटच्या तुकड्यावर बसल्या. छत्री बाजूला पडली. उम्म यासिरनं दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. सातव्यानंतर बाई म्हणाल्या, "खलास. बस कर." नंतर मोजदाद झाली तेव्हा बावीस गेलेली आणि नऊ कशीबशी तगलेली निघाली.

दोन दिवस बाई घराबाहेर पडल्या नाहीत. गॅसवर दूध उतू गेलं, आणि बाईंनी ते पुसलंही नाही. सभेचं भय होतंच, डांबराचंही होतं. पण खरं सलत होतं ते वेगळं. ह्या गावात त्यांच्यापाशी त्यांचं म्हणावं असं एकच होतं, ती सव्वीस वर्षांची विद्या. भाषा नाही, गाडी नाही, नोकरी नाही. ती विद्याच इथं मारेकरी ठरली, तर मग सुलक्षणा रत्नपारखी म्हणजे गंधारच्या घरातली वरची छोटी खोली, एवढंच उरत होतं.

आणि गंधार, पोरगा मनानं वाईट नाही हो, पण तोंड कुठं मिटावं ते कळत नाही, जेवताना म्हणाला, "जाऊ दे ना आई. डांबर झालं तर तेवढीच पूर्वाच्या गाडीची सोय."

पूर्वानं टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती लागली मुक्ताला. मग त्या घरात कोण कोणाला का लाथ मारतंय यावर बराच वेळ चर्चा झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या आणि थेट नोराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

नोरानं चहाचा कप खाली ठेवला. "होतं."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून, लव्ह. पहिल्या आठवड्यापासून म्हण."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? तू इतकी आनंदात होतीस."

बाईंना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना हसू फुटलं, आणि ते आवरेना. दारात उभ्या उभ्या दोघी म्हाताऱ्या डोळ्याला पाणी येईस्तोवर हसल्या. मग नोरा घरातून फावडं घेऊन आली. तिच्या वडिलांची जमीन ह्याहून ओली होती, पाऊल टाकलं की बूट आत राहायचा. तरी बटाटे पिकायचे. कसे, ते तिनं तिथंच, बाईंच्या पावलांपुढं, फावड्यानं करून दाखवलं. मधे लांब चर खणायचा, चरातली माती दोन्ही बाजूंना उचलून टाकायची, आणि लावायचं ते त्या उंचवट्यावर.

बाई वाकून बघत राहिल्या. "अगं बाई," त्या मराठीतच म्हणाल्या, "हा तर सरी-वरंबा!"

तासगावला लहानपणी मामाच्या मळ्यात त्यांनी शेकडो सऱ्या पाहिल्या होत्या. तिथं सरीतून पाणी पिकाकडं आणायचं, मेयोत सरीतून पाणी पिकापासून लांब न्यायचं. बाकी आकार तोच, फावडं धरायची पद्धत तीच, आणि नंतर दुखणारी कंबरही तीच.

जुलैत कामाला जोर आला. एकतीस आळी बुजवली. त्यांच्या जागी उतारानं धावणारे बारा वरंबे उठले. खणताना निघालेल्या विटा कडेला लागल्या. नऊ उरलेली झाडं उंचावर हलवली. तळाच्या कोपऱ्यात, जिथं चराचं सगळं पाणी येऊन साचायचं, तिथं नोराच्या सांगण्यावरून पूर्वानं विलोच्या काठ्या नुसत्या जमिनीत खोचल्या. आपल्याकडच्या वाळुंजाची ही लांबची बहीण, पाय पाण्यात असले की खूश. महिन्याभरात काठ्यांना पालवी फुटली. वरंब्यांवर मेथी, कोथिंबीर, मुळे, कोबीच्या जातीचं केल, आणि कडेनं झेंडू. सुदानी लोक खातात ती रॉकेट नावाच्या भाजीची तिखट पानं उम्म यासिरनं दोन वरंब्यांवर पेरली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

दुपारी दोघी विटांवर बसून दुधाचा चहा पीत. सुदानमधल्या ओम्दुरमानच्या गल्लीत, मशिदीमागच्या कचऱ्याच्या जागी, उम्म यासिर आणि तिच्या शेजारणींनी सहा कडुनिंब लावले होते. खाली चहावाली बसायची. लढाई सुरू झाल्यापासून त्या गल्लीचं काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. बाई त्याबद्दल विचारत नसत. तिनं आपणहून सांगितलं की ऐकत, आणि त्यावर मस्कतची गोष्ट सांगत नसत. हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. दुपारी एक वाजता शाळेच्या हॉलमध्ये सभा. एका घराला एक मत. पूर्वानं सासूबाईंना सुंदर इंग्रजीत भाषण लिहून दिलं होतं, शेजारधर्म, हिरवाई, पुढची पिढी, सगळं होतं त्यात. बावीस मेलेल्या झाडांचा उल्लेख तिनं मुद्दाम गाळला होता. "आई, ते काढूच नका. डेक्लन तेच धरून बसेल." उम्म यासिरचंही मत तेच.

डेक्लन आधी बोलला, गोड बोलला. बायकांनी कमाल केली म्हणाला, झेंडू काय, भाजी काय. "पण मंडळी, नोव्हेंबर येतोय. तेव्हा तिथं चिखल असेल. आणि गाडी तर रोज घरी येते." लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि पावसात पाणी कोण घालणार?" त्यावर जो हशा उसळला त्यात स्वप्नालीचाही आवाज होता. ती म्हणते, मी खोकत होते.

बाई उठल्या. हातातला कागद उघडला. तोंड उघडलं आणि जिभेवर आपसूक आलं, "इन अवर..." तिथं त्या थांबल्या. हॉलमधले अर्धे लोक ओठ दाबून बसले होते. बाईंनी कागदाची घडी केली आणि पूर्वाच्या हातात दिली.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, क्रियापदं वाटेल तिथं पडत होती, पण हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही असं झालं नाही. "एकतीस झाडं लावली. बावीस मी मारली. पाणी घालून मारली. तुम्ही हसता ते बरोबर आहे. मी वाळवंटातली बाई. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी खड्डे केले, रोज भरले. आज घातलेलं पाणी उद्या तिथंच, परवा तिथंच. ही जमीन पाणी पीत नाही, नुसती धरून बसते. खाली विटा, खाली काँक्रीट. मला हे समजायला सात आठवडे लागले. नोराला सात मिनिटं लागली. आता चर काढलेत. पाणी कोपऱ्यात जातं, विलो ते पितात. बाग मोठी नाही. पण आता मरत नाही. एवढंच." आणि बसल्या.

खालच्या रांगेतली एक तरुण आई, कडेवर बाळ, उभी राहिली.

"एक मिनिट. त्या म्हणतात, पाणी खाली मुरतच नाही. मग वर डांबर घातलं तर ते जाणार कुठं?"

"गटार काढू की," डेक्लन म्हणाला.

"कुठं?"

"म्हणजे... उताराकडं."

उताराकडं काय आहे, हे बघायला सगळ्या हॉलनं मान वळवली, जणू भिंतीतून दिसणार होतं. आणि तेव्हा नोरा, जिनं ऐंशी वर्षांत कुणाला तोंडावर वाईट बातमी दिली नव्हती, स्वच्छ आवाजात म्हणाली, "तुमच्या स्वयंपाकघरांत, लव्ह. खालच्या रांगेच्या."

खालच्या रांगेचं सगळ्यांत शेवटचं, सगळ्यांत सखल घर कुणाचं? गंधार रत्नपारखीचं. गेल्याच वर्षी त्यानं स्वयंपाकघरात लाकडी फरशी बसवून घेतली होती आणि तिच्यावर चपला घालून जाणाऱ्याला तो घराबाहेर काढत असे. आता पंचाईत अशी की त्यानं डेक्लनला आपलं मत आधीच कबूल केलं होतं, एका शनिवारी, पबमध्ये, एकमेकांची पाठ थोपटून झाल्यावर.

डेक्लननं मतं घ्यायला सुरुवात केली. बागेच्या बाजूनं कोण? हात वर जाऊ लागले. गंधारचा हात मांडीवरून उठला, पुन्हा बसला, डेक्लनकडं बघून तो ओशाळं हसला. तेवढ्यात त्याच्या शेजारून पूर्वाचा हात सरळ वर गेला, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीचा जातो तसा.

"अगं, आपलं एकच मत आहे," गंधार पुटपुटला.

"दिलं मी," पूर्वा म्हणाली.

तीस घरं हजर होती. अठरा बागेला, बारा डांबराला. बाईंना आकडे पटकन कळले नाहीत. उम्म यासिरनं जिभेनं असा काही लांबलचक आनंदाचा आवाज काढला की शाळेच्या हॉलमध्ये तो पूर्वी कधी घुमला नसावा, आणि बाळ रडायला लागलं, तेव्हा कळलं. बाई रडल्याबिडल्या नाहीत. त्यांनी आधी पदर सारखा केला आणि मग गंधारकडं बघून म्हणाल्या, "तुझी फरशी वाचली."

"आणि दुसरी गाडी कुठं लावू?"

"ती माझी गाडी आहे," पूर्वा म्हणाली. "तुझी लावू कुठं ते बघ."

सभेनंतर चहा आणि बिस्किटं. त्या गर्दीतून वाट काढत डेक्लन बाईंपाशी आला. डोक्यावरची टोपी हातात. मला वाटतं, तो म्हणाला, तुमच्याकडं एखादा वरंबा रिकामा असला तर... बटाटे लावीन म्हणतो. आई लावायची.

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. बाई मनानं मोठ्या होत्या, पण इतक्याही नव्हत्या. वरच्या टोकाला, जिथं बिल्डरनं सगळ्यांत जास्त काँक्रीट पुरलं होतं आणि जिथं पोलिश भावांनीही फावडं टाकून दिलं होतं, ती पट्टी त्यांनी त्याला दिली. "फार चांगली जागा," त्या म्हणाल्या. नोरा शेजारीच होती. "ग्रँड, लव्ह," ती म्हणाली.

ऑक्टोबरभर दुपारी डेक्लन तिथं दिसे. पहारीनं एकेक तुकडा उकरून काढायचा, बादलीत टाकायचा, घाम पुसायचा. बादल्या वीसच्या वर झाल्या तेव्हा त्यानं मोजणं सोडलं. पण बायको म्हणे, माणूस इतका शांत झोपतो हल्ली. एकदा तो पाठ धरून उभा राहिला आणि आशेनं म्हणाला, "आता झालं असेल ना, मिसेस आर?"

बाई वरंब्यावर वाकून मेथी खुडत होत्या, कारण संध्याकाळी स्वप्नाली जेवायला येणार होती आणि तिला सभेतल्या खोकल्याबद्दल चार शब्द ऐकवायचे होते. त्यांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं.

"अजून थोडं खोल," त्या म्हणाल्या.

"या उम्म गंधार," पलीकडून उम्म यासिर अरबीत ओरडली, "सोड बिचाऱ्याला, दम लागलाय त्याला!"

"लागू दे," बाई म्हणाल्या, आणि मेथीची जुडी झटकून घराकडं निघाल्या.